फिरतीच्या नोकरीतील आहार आणि स्थलदर्शन

ज्या नोकरीत कामाचे ठिकाण एक नसते आणि ठरावीक भागातील अनेक गावांना आळीपाळीने भेट द्यावी लागते, तिला फिरतीची नोकरी म्हणतात. औषधकंपन्यांचे प्रतिनिधी, बँकांचे आणि सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक, यंत्रांची देखभाल करणारे अभियंते, विद्यापीठांचे बहिःस्थ परीक्षक आणि सरकारी खात्यांतील तपासणी अधिकारी हे सारे या वर्गात मोडतात. पर्यटकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका या वर्गाच्या फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्या सलग मोकळे दिवस गृहीत धरतात, तर फिरतीवरच्या माणसाच्या हाती पहाटेचे दोन तास, कार्यालय सुटल्यानंतरची संध्याकाळ आणि परतीची गाडी येईपर्यंतचा वेळ एवढेच तुकडे लागतात. मात्र पर्यटकाला न मिळणारी एक सवलत त्याला असते, ती म्हणजे पुनर्भेट: काही महिन्यांनी तो त्याच गावी वेगळ्या ऋतूत आणि वेगळ्या वारी पुन्हा येणार असतो. म्हणून एका भेटीत गाव उरकून टाकण्याचा अट्टहास त्याने धरू नये. एका भेटीला एक पदार्थ आणि एक स्थळ एवढाच बेत ठेवावा आणि उरलेले पुढच्या भेटीसाठी नोंदवून ठेवावे. पुढील सूचना वेळेचे हे तुकडे आणि ही पुनर्भेट डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत.

प्रत्येक गावाला स्वतःचे घड्याळ आणि स्वतःचे सुटीचे वार असतात, आणि ते ठाऊक नसल्यामुळेच फिरतीवरची बहुतेक हुकलेली स्थळे हुकतात. छत्रपती संभाजीनगरला सोमवार-मंगळवारचे काम घेऊन जाणाऱ्याची अडचण याचे चांगले उदाहरण आहे, कारण अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. ज्याचे काम दोन दिवसांचे आहे आणि ज्याला जोडून एक दिवस रजा मिळू शकते, त्याने ती रजा कोणत्या बाजूला जोडायची हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवले पाहिजे. राज्यातील सरकारी वस्तुसंग्रहालये साधारणपणे सोमवारी बंद असतात, मुंबईजवळची घारापुरीची लेणीही सोमवारीच बंद असतात, तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते. रविवारला जोडून सोमवारी काम ठेवणाऱ्या नोकरदाराच्या वाट्याला त्यामुळे नेमके बंद दरवाजे येतात. गुरुवार-शुक्रवारचे काम घेऊन शनिवारी मोकळे होणे हा महाराष्ट्रापुरता तरी अधिक सोयीचा क्रम आहे, आणि दौऱ्याच्या तारखा सुचवण्याची मुभा असेल तेथे तो आधीच सुचवून ठेवावा.

वेरूळचा विचार थोडा सविस्तर करणे योग्य ठरेल, कारण पुनर्भेटीचा लाभ इतका स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसतो. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या या ३४ लेण्यांची विभागणी धर्मानुसार झालेली आहे: १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. एका दिवसात ही सर्व पाहणारा पर्यटक दुपारपर्यंत इतका थकतो की उत्तरेकडे वेगळी पडलेली जैन लेणी तो बहुधा गाडीतूनच पाहतो. याउलट वर्षातून तीनचार वेळा शहरात येणाऱ्याने पहिल्या भेटीत केवळ १६ क्रमांकाचे कैलास लेणे घ्यावे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे आठव्या शतकाशी, निगडित असलेले हे मंदिर वरून खाली कोरत आणलेले आहे, आणि ही पद्धत नीट समजून घ्यायची तर लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढून ते वरूनही पाहावे लागते. दुसऱ्या भेटीत बौद्ध लेणी घ्यावीत, तिसरीत जैन. डोंगराची ही कड पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी लेण्यांवर सावली असते आणि दुपारनंतर ऊन आतपर्यंत शिरते; शिल्पांचे बारकावे पाहायचे असतील तर कामाचा दिवस सकाळीच संपवून दुपारी निघावे, आणि उन्हाळ्यात पायपीट सुसह्य व्हावी एवढीच अपेक्षा असेल तर सूर्योदयालाच तेथे पोहोचावे. देवगिरीचा किल्ला याच वाटेवर आहे, पण त्याचा चढ आणि अंधारी मार्गिका लक्षात घेता तो वेरूळला जोडून त्याच दिवशी घेणे शहाणपणाचे नाही. अजिंठ्याला मात्र असे तुकडे पाडता येत नाहीत. ते संभाजीनगरहून सुमारे १०० किलोमीटरवर आहे, खासगी गाडी पायथ्यापासून दूर थांबवून पुढे बसने जावे लागते आणि चित्रे अंधुक उजेडात पाहायची असल्याने डोळे सरावायलाही वेळ लागतो. संभाजीनगरच्या दौऱ्यात ते कोंबण्यापेक्षा जळगावच्या दौऱ्याला जोडावे. जळगावहून हे अंतर जवळजवळ निम्मे पडते, ही गोष्ट मराठवाड्याच्या नकाशातच अजिंठा शोधणाऱ्यांच्या अनेकदा ध्यानात येत नाही.

घड्याळाप्रमाणेच गावाचे पंचांगही पाहावे लागते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा नागपुरातील शासकीय विश्रामगृहे आणि मध्यम दराची हॉटेले अधिकारी, कार्यकर्ते आणि शिष्टमंडळे यांनी भरून जातात. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि त्या दिवसांत नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळणे कठीण होते. आषाढी आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातील एस.टी. गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे स्थानिक बोलीत गड्डा, भरते. नाशिकला २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा येत आहे. ज्याला केवळ काम उरकायचे आहे त्याने हे दिवस टाळावेत. ज्याला गाव पाहायचे आहे त्याने, राहण्याची सोय आधी करून, निदान एकदा तरी ते मुद्दाम साधावेत, कारण सोलापूर जसे गड्ड्याच्या दिवसांत दिसते तसे एरवी दिसत नाही. पर्यटकांची गर्दी शनिवार-रविवारी असते आणि फिरतीवरचा माणूस बहुधा आडवारी गावात असतो, हाही एक फायदाच आहे. साताऱ्याजवळचे कास पठार फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, रविवारी पाहणे आणि मंगळवारी पाहणे या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

आहाराच्या बाबतीत वेळेचे महत्त्व याहून अधिक आहे. महाराष्ट्रातील बहुतेक गावांचा स्वतःचा असा पदार्थ सकाळच्या न्याहारीत किंवा दुपारच्या जेवणात असतो, आणि रात्री जो मिळतो तो बहुधा सर्वत्र सारखाच असतो. दिवसभर कामात बुडून रात्री साडेनऊला हॉटेलातच जेवणाऱ्या माणसाला कोल्हापूर, नागपूर आणि नाशिक या तिन्ही ठिकाणी एकाच चवीची पनीरची भाजी भेटते आणि तिन्ही गावे सारखीच आहेत असे त्याचे मत होते. हे मत बदलायचे असेल तर मुख्य जेवण दुपारी, खाणावळीत घ्यावे. खाणावळ म्हणजे घरगुती पद्धतीचे ठरावीक ताट ठरावीक दरात देणारे ठिकाण. येथे स्वयंपाक सकाळी होतो, साडेअकरा-बाराला पहिली पंगत बसते आणि दोन-अडीचनंतर भाकरी थापणे थांबते. बैठक सव्वादोनपर्यंत लांबणार असेल तर खाणावळीत आधी निरोप देऊन ताट सांगून ठेवावे. नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी असे ताट ठेवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे आणि पुनर्भेटीचा हाही एक लाभ आहे.

मांसाहार करणाऱ्यांनी वारांचे भान ठेवावे. सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे अनेक कुटुंबांत शाकाहाराचे वार असल्याने त्या दिवशी मटणाचा खप कमी असतो, तर बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे सामिषाचे वार मानले जातात आणि ताजा माल व उत्तम स्वयंपाक यांची शक्यता त्याच दिवशी अधिक असते. श्रावणात काही सामिष खाणावळी पूर्ण महिना बंद राहतात किंवा दुरुस्ती-रंगरंगोटीची कामे काढतात. किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. रत्नागिरी, मालवण किंवा पणजी येथे या दिवसांत गेलेल्याने सुरमई-पापलेटाचा आग्रह धरू नये, कारण ताटात येणारा मासा बर्फातला असण्याचीच शक्यता मोठी. त्याऐवजी खाडीचा किंवा नदीचा मासा, सुकट, सोडे किंवा सरळ काळ्या वाटाण्याची उसळ मागवावी. गोव्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: दुपारी एक ते साधारण साडेतीन या वेळेत पणजीतील अनेक दुकाने आणि लहान कचेऱ्या मिटलेल्या असतात. या वेळेत भेट ठरवणे व्यर्थ असते, पण शीत-कडी आणि माशाचे ताट घ्यायला हीच वेळ योग्य असते. संध्याकाळी काम संपल्यावर फोंतेन्यास या जुन्या वस्तीतून पायी फिरता येते आणि त्याच सुमारास पोदेर, म्हणजे पाव भाजणारा व विकणारा, सायकलवरून ताजे पाव घेऊन निघालेला भेटतो.

कोल्हापूर हे या सगळ्या सूचना एकत्र लागू पडणारे गाव आहे. तेथील मिसळ सकाळची आणि पावाऐवजी ब्रेडच्या कापांबरोबर खायची असते. दुपारच्या मांसाहारी ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से येतात. पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याला नारळाचे दूध आणि खसखस, तीळ वा काजू यांचे वाटण लावून केलेले सौम्य कढण, आणि तांबडा म्हणजे त्याच पाण्याचा लाल तिखट व मसाल्याचा अवतार. नवख्याने पांढऱ्याने सुरुवात करावी, तांबडा वाटीत वेगळा ठेवून भाताबरोबर घ्यावा, आणि दुपारी महत्त्वाचे सादरीकरण असेल तर हे ताट दुसऱ्या दिवसावर ढकलावे. तांबड्या रश्शानंतर घाम पुसत आकडेमोड करणारा लेखापरीक्षक समोरच्यावर छाप पाडू शकत नाही. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी आणून ग्राहकासमोर धार काढून दिले जाणारे धारोष्ण दूध हा कोल्हापूरचा खास प्रकार आहे, पण ते न तापवलेले असते. ज्यांचे पोट नाजूक आहे किंवा ज्यांना डॉक्टरांनी कच्चे दूध वर्ज्य केले आहे त्यांनी ते केवळ पाहावे आणि शेजारी तापवलेले दूध घ्यावे.

स्थळांचेही तसेच आहे. सी.पी.आर. रुग्णालयासमोरचे टाऊन हॉल संग्रहालय रुग्णालयात भेटीगाठी घेणाऱ्या वैद्यकीय प्रतिनिधीच्या अगदी वाटेवर असूनही बहुतेकांच्या पाहण्यात येत नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती तेथे आहे, आणि सातवाहनकाळात कोल्हापूरचा रोमन जगाशी व्यापार कसा होता याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा अर्ध्या तासात पाहून होतो. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग कुस्ती मैदान आणि पेठांमधील तालमी संध्याकाळच्या फेरीत बसतात. तालमीत शिरताना पादत्राणे बाहेर ठेवून वस्तादांची परवानगी घ्यावी आणि छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. दौऱ्याची तारीख हाती असेल त्याने नोव्हेंबरच्या ९ ते ११ किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांचा विचार करावा. या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून थेट अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात आणि त्याला किरणोत्सव म्हणतात. ढग असल्यास किंवा वाटेत अडथळा आल्यास किरणे मूर्तीपर्यंत येत नाहीत, म्हणून हे दर्शन हमखास घडेल असे धरून चालू नये. एखादा अर्धा दिवस मोकळा मिळाला तर पन्हाळ्याऐवजी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर निवडावे अशी शिफारस करावीशी वाटते. पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर असल्याने पुन्हा केव्हाही घडतो, तर खिद्रापूरला जाणे-येणे धरून शंभरावर किलोमीटर होतात आणि तेथील स्वर्गमंडप, म्हणजे छताच्या मध्यभागी वर्तुळाकार उघडीक ठेवलेला खांबांचा मंडप, घाईत पाहण्याजोगा नाही.

मिरज जंक्शनवर गाडीची वाट पाहत फलाटावर तीन तास काढणारे असंख्य नोकरदार आहेत, आणि त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते की तेवढ्या वेळात सतार कशी घडते हे पाहून येता येते. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या वस्तूचे गुण विशिष्ट प्रदेशाशी जोडलेले आहेत अशी कायदेशीर नोंद. या वाद्यांचा भोपळा पंढरपूर परिसरातील शेतांतून येतो, तो वाळवून, कापून, त्याला लाकडी दांडी जोडून पुढचे काम होते, आणि कारागिरांची दुकाने-कारखाने शहराच्या जुन्या भागात एकाच आळीत असल्याने शोधाशोध करावी लागत नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर असलेला दर्गाही तेथून दूर नाही. कारागीर कामात असतात, त्यामुळे खरेदी करायची नसल्यास तसे आधीच सांगावे. बहुतेक जण तरीही दाखवतात. सामानाचा प्रश्न रेल्वेच्या सामानघरात, म्हणजे क्लोक रूममध्ये, सुटतो, मात्र तेथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. फिरतीच्या बॅगेला लहानसे कुलूप कायमचे अडकवून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. हाच विचार लॉज निवडतानाही करावा. काही लॉजचा दिवस दुपारी बाराला संपतो, तर काही ठिकाणी आल्या वेळेपासून चोवीस तास मोजतात. रात्री नऊची परतीची गाडी असणाऱ्याला दुसरा प्रकार सोयीचा पडतो.

नागपुरात सकाळ मोलाची असते, एप्रिलनंतर तर तेथे सकाळ वगळता बाहेर पडण्याजोगी वेळच राहत नाही. तर्री-पोहे, म्हणजे हरभऱ्याची झणझणीत तर्री घातलेले पोहे, हातगाड्यांवर सकाळीच मिळतात आणि दहा-साडेदहानंतर गाड्या उठू लागतात. सावजी जेवण हे विणकरी करणाऱ्या हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकातून आलेले असून त्याचा तिखटपणा कोल्हापुरी तिखटाहून वेगळ्या जातीचा, मसाला भाजून काळसर केल्याचा आहे; ते रात्री घ्यायचे असल्यास दुसऱ्या दिवशी पहाटेचा प्रवास नसावा. ज्यांना तेवढे तिखट झेपत नाही त्यांच्यासाठी वडा-भात, पाटवडी-रस्सा आणि हिवाळ्यात भरपूर कोथिंबिरीची सांबारवडी आहेच. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात, सरकारी कचेऱ्यांच्या परिसरातच आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर एरवीच्या संध्याकाळी शांतपणे बसता येते. १८१७ च्या लढाईसाठी प्रसिद्ध असलेला सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिवशीच लोकांना खुला होतो; १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला नागपुरात अडकून पडलेल्याने त्या सुटीचा असा उपयोग करून घ्यावा.

खानदेश, सोलापूर आणि मराठवाडा येथे ऋतूचा विचार वाराच्या आधी येतो. जळगावचे हिरव्या वांग्यांचे, काड्यांच्या जाळावर भाजलेले भरीत आणि त्याबरोबरची कळण्याची, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली, भाकरी ही हिवाळ्याची गोष्ट आहे. मे महिन्यात मिळणारे भरीत पाहून जळगावबद्दल मत बनवू नये. ज्वारीचे कोवळे दाणे भाजून केलेला हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात संभाजीनगर, बीड, सोलापूर या पट्ट्यात शेतावरच खाल्ला जातो, आणि अशा निमंत्रणासाठी अर्धा दिवस रजा टाकणे गैर ठरू नये. संभाजीनगरच्या जुन्या भागातील नान-खलिया, म्हणजे तंदुरात भाजलेली पिवळसर नान आणि मटणाचा पातळ रस्सा, हा पदार्थ तेथील लोक मुहम्मद तुघलकाच्या सैन्याशी जोडतात. ती परंपरागत समजूत आहे, इतिहास म्हणून ती कोणाला सांगू नये. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांचे महत्त्व मात्र व्यावहारिक आहे. दोन्ही कोरड्या असल्याने अनेक दिवस टिकतात, आणि बॅगेत एक पुडा असला की गाडी रखडली किंवा खाणावळ मिटली तरी जेवण होते. फिरतीच्या नोकरीसाठी याहून सोयीची शिदोरी महाराष्ट्रात दुसरी नसावी.

प्रकृती सांभाळण्याचे नियम थोडे आहेत, पण ते मोडल्यास बाकी सारे बेत वाया जातात. ठिकाण निवडताना फलकापेक्षा उलाढाल पाहावी: जेथे गिऱ्हाईक सतत बदलते तेथे अन्न पडून राहत नाही, आणि डोळ्यांसमोर गरम तळलेले वा शिजवलेले अन्न, टपरीवरचे असले तरी, उघड्यावर ठेवलेल्या कोशिंबिरीहून आणि कापून ठेवलेल्या फळांहून अधिक सुरक्षित असते. आजार बहुधा मुख्य पदार्थातून येत नाही. तो पाणी, बर्फ, पातळ चटणी आणि ओले ताट यांतून येतो. अन्नविक्रेत्याला भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना वा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक असते. तो दिसत असल्यास चांगलेच, पण त्याने ताजेपणाची हमी मिळत नाही. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, हे द्रावण थोडे थोडे घेत राहावे, आणि ताप किंवा रक्त दिसल्यास काम सोडून डॉक्टरांकडे जावे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी गोळ्या सामानाच्या बॅगेत न ठेवता खिशात ठेवाव्यात. तिखट, तळलेले आणि गोड यांपैकी एका दिवसात एकच घ्यावे, हा खाद्यप्रेमींना न आवडणारा पण महिन्यातले पंधरा दिवस बाहेर जेवणाऱ्याला आवश्यक असलेला संयम आहे.

यजमानांच्या पाहुणचाराचा प्रश्न नाजूक असतो. विक्री प्रतिनिधीला वितरकाने जेवायला नेणे हा व्यवहाराचा भाग समजला जातो, परंतु लेखापरीक्षक, परीक्षक आणि तपासणी अधिकारी यांनी तपासणी चालू असताना असे जेवण स्वीकारू नये. सरळ नकार देणे जड वाटते तेव्हा सकाळी टपरीवर एकत्र चहा-पोहे घेऊन आपले पैसे आपण द्यावेत, आणि गावात चांगले काय मिळते हे मात्र यजमानालाच विचारावे. फुकट घ्यावी अशी तेथे एवढी माहितीच असते. कार्यालयाच्या गाडीने वाट वाकडी करून स्थळ पाहणे टाळावे, कारण प्रवासनोंदीतील जादा किलोमीटर पुढे आक्षेपात येतात. रिक्षा किंवा एस.टी.चा खर्च त्या मनस्तापाहून स्वस्त पडतो. भत्ता ठोक मिळतो की प्रत्यक्ष खर्चाच्या बिलावर, हेही आधी समजून घ्यावे, कारण लहान खाणावळीत छापील बिल मिळेलच असे नाही आणि केवळ बिलासाठी महागड्या हॉटेलात जेवणे भाग पडू नये.

एकट्याने फिरती करणाऱ्या स्त्रियांना संध्याकाळपेक्षा सकाळची वेळ अधिक उपयोगी पडते: मंदिरे, घाट, बाजार आणि न्याहारीची ठिकाणे सहा ते नऊ या वेळेत गजबजलेली असतात आणि परतीची घाईही नसते. भाजीबाजार व आठवडे बाजार ही तर ऋतूतले अन्न ओळखण्याची उत्तम जागा आहे. तेथे जी भाजी ढिगाने दिसते तीच दुपारच्या ताटात मागावी.

राज्याबाहेरही हेच सूत्र लागू पडते. इंदूरला होळकरांचा राजवाडा संध्याकाळपूर्वी पाहून घ्यावा आणि भूक राखून ठेवावी, कारण सराफ्यातील खाद्यबाजार पेढ्या मिटल्यानंतर, रात्रीच भरतो. वडोदऱ्यात गायकवाडांच्या कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आणि सेव-उसळ ही दोन्ही एका सकाळीत बसतात. हैदराबादची हलीम रमजानमध्ये, इफ्तारीच्या वेळी खावी. एरवी मिळाली तरी ती चव नसते.

परतताना घरी काय न्यायचे हे पदार्थ किती टिकतो यावरून ठरवावे. साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्रा बर्फी, सांगली-जयसिंगपूरकडील भडंग आणि हिवाळ्यात गुऱ्हाळावरून घेतलेला कोल्हापुरी गूळ हे लांबच्या प्रवासाला चालतात. गूळ घेताना फिकट पिवळ्यापेक्षा गडद रंगाचा निवडावा, कारण अति उजळ रंग बहुधा रसायनाने आणलेला असतो. नृसिंहवाडीची कवठाची बर्फीही प्रवासात चालते. तेथील बासुंदी मात्र उन्हाळ्यात डब्यात भरून रात्रीच्या गाडीने आणू नये. ती नदीकाठीच खावी आणि घरच्यांसाठी बर्फी घ्यावी.